मादाम द्यु कूद्रे आणि सुइणींची परीक्षा

ज्या हातांवर एकाच वेळीं दोन जीव सोंपविले जातात, त्या हातांची परीक्षा कोणीं घ्यावी व कशी घ्यावी, हा प्रश्न सुधारलेल्या म्हणविणाऱ्या राष्ट्रांसही फार उशिरां सुचला. वकिलास सनद मागण्याची, कारकुनास परीक्षेस बसविण्याची व सोनाराचें सोनें कसास लावून पाहण्याची चाल जुनी आहे. परंतु बाळंतिणीच्या खोलींत शिरणाऱ्या बाईस, तूं कोणापाशीं शिकलीस आणि तुझा हात कोणीं पारखून पाहिला आहे, असें विचारण्याची चाल बहुतेक देशांत अगदीं अलीकडची आहे. हा प्रश्न ज्या थोड्या व्यक्तींनीं नुसता विचारला नाहीं, तर सारें आयुष्य वेंचून त्याचें उत्तर सिद्ध केलें, त्यांमध्यें फ्रान्स देशांतील मादाम द्यु कूद्रे या सुइणीचें स्थान फार वरचें आहे. प्रसूतिविद्येच्या इतिहासांत तिचें नांव प्रसिद्ध आहे. आमच्या इकडे मात्र राजे, सेनापति व मुत्सद्दी यांचीं चरित्रें जितक्या आवडीनें वाचलीं जातात, तितक्या आवडीनें सुइणीचें चरित्र वाचण्याचा प्रघात पडलेला नाहीं. तो पडावा, व त्यापासून आपल्या कर्तव्याविषयीं कांहीं बोध घेतला जावा, या हेतूनें आज आम्ही हें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

आंजेलिक मार्गरीत ल बूर्सिए द्यु कूद्रे हिचा जन्म अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतला. पॅरिस शहरांत एका अनुभवी सुइणीच्या हाताखालीं तीन वर्षें उमेदवारी करून व परीक्षा देऊन १७४० सालीं तिनें या धंद्याचा परवाना मिळविला. त्या काळीं राजधानीची गोष्ट निराळी व खेड्यापाड्यांची निराळी होती. राजधानींत उमेदवारीचा व परीक्षेचा नियम होता. खेड्यांत सुईण निवडली जाई ती बहुधा गांवच्या बायकांच्या पसंतीनें व धर्मोपदेशकाच्या संमतीनें. बाई वयानें पोक्त असावी, वर्तनानें चांगली असावी, आणि मूल जगत नाहीं असें दिसतांच त्यास बाप्तिस्मा कसा द्यावा हें तिला ठाऊक असावें, एवढें पाहिलें म्हणजे तिची परीक्षा पुरी झाली. मुलाच्या आत्म्याची काळजी घेण्यास ती लायक आहे कीं नाहीं हें पाहिलें जाई; त्याचा देह व त्याच्या आईचा देह वांचविण्यास ती लायक आहे कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. यावरून फ्रेंच लोकांस हंसण्याचें आम्हांस कारण नाहीं. आमच्या इकडेही पिढ्यान्‌पिढ्या सुईण ओळखली गेली ती तिच्या जातीवरून व तिच्या सासूच्या नांवावरून. तिच्या अंगीं कसब नसे असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळ जणींच्या अंगीं तें उत्तम असे. परंतु तें आहे कीं नाहीं याची खातरजमा बाळंतपण होण्यापूर्वीं कोणी करीत नसे, आणि नंतर होणारी खातरजमा कित्येक घरांस फार महाग पडे.

परवाना मिळून थोडीं वर्षें लोटतात न लोटतात, तोंच द्यु कूद्रे हिला आपल्या वर्गासाठीं भांडण्याचा प्रसंग आला. पॅरिसमधील शस्त्रवैद्यांचें लक्ष प्रसूतीच्या कामाकडे वळूं लागलें होतें, आणि सुइणींस शरीररचनेचें जें शिक्षण त्यांच्याकडून मिळावयाचें तें मिळेनासें झालें होतें. तेव्हां १७४५ च्या सुमारास शहरांतील अनेक सुइणींनीं एकत्र होऊन विद्यापीठाच्या वैद्यकशाखेकडे अर्ज केला. त्या अर्ज करणारांत द्यु कूद्रे होती. या अर्जांतील मागणी ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आमच्या धंद्यांत पुरुषांनीं पडूं नये किंवा आमची प्राप्ति बुडूं देऊं नये, एवढ्यावरच या बायका थांबल्या नाहींत. आम्हांस शिकवा, अशी त्यांची मुख्य मागणी होती. ज्ञान बंद करावयाचें आणि मागाहून अज्ञानाबद्दल दोष द्यावयाचा, हा डांव बलवानांनीं दुर्बलांवर सर्व देशांत टाकलेला आहे. तो ओळखून वेळींच शिक्षणाचा हक्क मागणें यांत जें शहाणपण आहे, तें केवळ तक्रार करीत बसण्यांत नाहीं.

पुढें १७५० नंतर ती मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न प्रांतांत गेली. तेथें तिच्या दृष्टीस जी स्थिति पडली तीच तिच्या पुढील आयुष्याचें कारण झाली. डोंगराळ मुलूख, दूरदूरचीं खेडीं, आणि बाई अडली म्हणजे मदतीस येणारी शेजारीण किंवा म्हातारी, जिला हात कोठें घालावा व कोठें घालूं नये याचें ज्ञान नव्हतें. घाईनें ओढाताण केल्यामुळें मूल दगावे, आई वांचली तरी जन्माची पंगू होई, आणि हें सारें ईश्वरी इच्छेच्या सदरांत जमा होई. द्यु कूद्रे हिनें येथें गरीब बायकांस विनामूल्य शिकविण्यास आरंभ केला. परंतु लगेच एक अडचण पुढें आली. बहुतेक शिष्यिणींस लिहितां वाचतां येत नव्हतें. व्याख्यान द्यावें तर शब्द कानावरून जात; चित्र दाखवावें तर तें सपाट, आणि सुइणीचें काम तर डोळ्यांनीं न दिसणाऱ्या जागीं बोटांनीं करावयाचें. प्रत्यक्ष बाळंतिणीवर शिकवावें तर अडाणी हातास पहिला धडा जिवंत देहावर गिरवूं देणें म्हणजे शिक्षणाच्या नांवाखालीं हत्या करणें होय.

या अडचणींतून तिचें प्रसिद्ध यंत्र निघालें. यंत्र म्हणजे चाकें व दांते यांचें कांहीं नव्हे. कापड, चामडें, कापूस, वेताची विणकर व क्वचित् प्रसंगीं खरीं हाडें, यांचें केलेलें स्त्रीच्या कमरेखालच्या भागाचें तें हुबेहूब प्रतिरूप होतें. त्यांत दोऱ्या व पट्टे बसविलेले असून ते ओढले किंवा सैल सोडले म्हणजे प्रसूतिमार्ग कसा रुंदावतो हें हातास कळे. त्याच्या बरोबर पूर्ण वाढीच्या मुलाएवढी कापडी बाहुली असे. तिला नाक, कान व उघडें तोंड असून त्या तोंडांत बोट जाऊन जीभ लागे, कारण अंधारांत हातास लागलेला भाग मुलाचें तोंड आहे कीं दुसरें कांहीं, हें सुइणीस स्पर्शानेंच ओळखावें लागतें. नाळ होती, वार होती, जुळीं मुलें होतीं. पुढें तिनें स्पंजांत पाणी व तांबडा रस भरून, योग्य वेळीं पाणमोट फुटल्याचा व रक्त गेल्याचा देखावाही उत्पन्न करण्याची युक्ति काढली. पॅरिसच्या शस्त्रवैद्यकाच्या अकादमीनें १७५८ सालीं हें यंत्र पाहून त्यास आपली संमति दिली.

या यंत्राची स्तुति करतांना लोक बहुधा एवढेंच म्हणतात कीं, त्याच्या योगानें शिकविणें सोपें झालें. आमच्या मतें त्याचें त्याहूनही मोठें महत्त्व आहे, आणि तें हें कीं, त्याच्या योगानें परीक्षा घेणें शक्य झालें. पायाळू मूल कसें फिरवावें, असें तोंडीं विचारलें असतां चलाख बाई पाठ केलेलें उत्तर घडाघडा म्हणून दाखवील. परंतु बाहुली यंत्रांत आडवी ठेवून, आतां ही बाहेर काढ, असें म्हटलें कीं पाठांतर संपलें व हात बोलूं लागला. हात घाबरतो कीं स्थिर राहतो, ओढतो कीं वाट पाहतो, काय लागलें तें ओळखतो कीं नुसता चांचपडतो, हें गुरूस डोळ्यांदेखत दिसूं लागलें. चूक झाली तर तीच स्थिति पुन्हां मांडून दहा वेळां करून घेतां येई, आणि दहाही वेळां फाटे तें कापड, देह नव्हे. उलट, जी बाई बोलण्यांत मंद व संकोची, पण हातानें हुशार, तिलाही या परीक्षेंत न्याय मिळे. तोंडी परीक्षेंत अशी बाई नेहमीं मागें पडते, व तिच्या जागीं बडबडी पुढें जाते.

१७५९ सालीं तिनें प्रसूतिविद्येवर एक लहानसें सुबोध पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि त्याच वर्षीं पंधराव्या लुई राजानें तिला फ्रान्सच्या सर्व प्रांतांत जाऊन सुइणी शिकविण्याचें फर्मान दिलें. राजास ही बुद्धि केवळ दयेनें झाली असें मानण्याचें कारण नाहीं. सात वर्षांचें युद्ध चाललें होतें, देशाची लोकसंख्या घटत आहे अशी समजूत दरबारीं पसरली होती, आणि शेत नांगरण्यास व बंदूक धरण्यास माणसें हवीं होतीं. हेतु कोणताही असो, द्यु कूद्रे हिनें त्या हेतूचा उपयोग आपल्या कामासाठीं करून घेतला. १७६० पासून १७८३ पर्यंत, म्हणजे सुमारें २३ वर्षें, तिनें आपलें बिऱ्हाड पाठीवर घेऊन प्रवास केला. चाळीसांहून अधिक शहरांत तिनें वर्ग भरविले व निदान ४,००० बायका स्वतः शिकविल्या. शिवाय कित्येक शेंकडा शस्त्रवैद्य तिनें अशासाठीं तयार केले कीं, आपण पुढच्या गांवीं गेल्यावर तेथील यंत्र अडगळींत पडूं नये व शिकविण्याचें काम बंद पडूं नये. १७६७ सालीं राजानें दुसरें फर्मान काढून तिला वार्षिक ८,००० लीव्रांचें वेतन ठरवून दिलें. एका सुइणीस सरकारी तिजोरींतून असें वेतन मिळणें ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती.

तिच्या वर्गाची पद्धति अशी होती. प्रांताधिकाऱ्याकडून गांवोगांवच्या धर्मोपदेशकांस पत्रें जात. ते आपआपल्या गांवांतून योग्य अशी बाई निवडून पाठवीत. तिच्या राहण्याजेवणाचा खर्च बहुधा गांव किंवा प्रांत सोशी. वर्ग सुमारें दोन महिने चाले. प्रथम गुरूनें यंत्रावर करून दाखवावें, मग प्रत्येक शिष्यिणीनें आपल्या हातानें करावें, इतर जणींनीं पाहावें, आणि चुकलें तर पुन्हां करावें, असा क्रम असे. शेवटीं ज्या जणी उतरल्या त्यांस दाखला मिळे. कोठें प्रांताधिकारी उत्साही असे, कोठें मनांतून नाराज असे. लिमोझ प्रांतीं ती गेली त्या वेळीं तेथील अधिकारी तुर्गो हा होता, जो पुढें १७७४ सालीं फ्रान्सचा अर्थमंत्री झाला. असा मनुष्य असेल तेथें काम झपाट्यानें होई. दुसरीकडे खर्चाची कुरकुर, गांवच्या जुन्या सुइणींचा मत्सर, आणि बाईनें शिकवावें व शस्त्रवैद्यांनीं ऐकावें हें न रुचणाऱ्या वैद्यांचा विरोध, यांस तिला तोंड द्यावें लागे.

तिच्यावरील एका आक्षेपांत मात्र तथ्य होतें, आणि चरित्रनायिकेविषयीं आदर आहे म्हणून तें लपविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. दोन महिन्यांत सुईण तयार होते काय, असें तिच्या टीकाकारांनीं विचारलें. याचें खरें उत्तर, होत नाहीं, असेंच आहे. कापडाची बाहुली रडत नाहीं. यंत्रास कळा येत नाहींत. तें भीतीनें सुइणीचा हात धरीत नाहीं. आणि स्पंजांतला तांबडा रस संपतो तसें खरें रक्त आपोआप थांबत नाहीं. यंत्रावर निर्दोष ठरलेली बाई पहिल्या खऱ्या रक्तस्रावापुढें गोंधळण्याचा संभव असतो. परंतु त्याबरोबर हेंही सांगितलें पाहिजे कीं, या बायकांपुढें दोन महिन्यांचें शिक्षण किंवा दोन वर्षांचें शिक्षण अशी निवड नव्हती. दोन महिन्यांचें शिक्षण किंवा मुळींच शिक्षण नाहीं, अशी ती निवड होती. पूर्ण भाकर देतां येत नाहीं म्हणून अर्धीही न देणारा मनुष्य स्वतःस तत्त्वनिष्ठ म्हणवीत असेल, पण उपाशी मनुष्य त्यास तसें म्हणणार नाहीं.

वृद्धापकाळीं तिनें आपला वारसा मार्गरीत या भाचीच्या स्वाधीन केला. या भाचीचा विवाह बोर्दो येथील कूतांसो नांवाच्या शस्त्रवैद्याशीं झाला होता, आणि या जोडप्यानें त्या शहरीं प्रसूतिशिक्षणाचें काम पुढें चालविलें. राज्यक्रांतीच्या धामधुमींत, ज्या राजघराण्याच्या फर्मानावर तिचें सारें काम उभें राहिलें तें राजघराणें नष्ट झालेलें पाहून, १७९४ सालीं बोर्दो येथें द्यु कूद्रे मरण पावली. तिच्या अनेक यंत्रांपैकीं एकच अवशिष्ट असल्याचें प्रसिद्ध असून, तें रुआं येथील वैद्यकेतिहासाच्या संग्रहालयांत जपून ठेविलेलें आहे. राजाची सत्ता गेली, फर्मान रद्दी झालें. परंतु त्या शिवलेल्या कापडाच्या आंत जो विचार होता तो मेला नाहीं.

तो विचार पुढें कसा वाढला हें पाहिल्यावांचून हें चरित्र पुरें होत नाहीं. १८०२ सालीं पॅरिसच्या प्रसूतिगृहांत सुइणींची शाळा निघाली. तेथें मारी-लुईज लाशापेल या विख्यात सुइणीच्या देखरेखीखालीं विद्यार्थिनी प्रत्यक्ष बाळंतपणें पाहूं व करूं लागल्या. म्हणजे यंत्रावर जें अपुरें राहत होतें तें खाटेजवळ पुरें होऊं लागलें. पुढच्याच वर्षीं, १८०३ सालीं, फ्रान्समध्यें जो कायदा झाला त्यांत असें ठरलें कीं, परीक्षेस बसूं इच्छिणाऱ्या सुइणीनें निदान दोन पाठक्रम ऐकलेले असावेत, आणि रुग्णालयांत किंवा अध्यापकाच्या देखरेखीखालीं एक तर नऊ महिने बाळंतपणें पाहिलेलीं असावींत, नाहीं तर सहा महिने स्वतः केलेलीं असावींत. या दोन आंकड्यांतील फरक वाचकांनीं नीट पाहावा. सहा महिने करणें हें नऊ महिने पाहण्याच्या बरोबरीचें, असें कायद्यानेंच कबूल केलें. तथापि, जी नुसती पाहून आली तिलाही परीक्षेचें दार उघडें ठेवणें ही त्या कायद्याची उणीव होती, असें आम्हांस वाटतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या नांवाचा फंड निघाला. १९०३ सालीं लेडी कर्झन यांच्या पुढाकारानें व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकार्थ दायांच्या शिक्षणाचा फंड उभारला गेला. १९४७ सालीं परिचारिकांच्या शिक्षणाचें नियमन करणारी मध्यवर्ती परिषद स्थापण्याचा कायदा झाला. २०१८ सालीं केंद्र सरकारनें खास प्रसूतिकार्यासाठीं दीड वर्षाच्या शिक्षणाची योजना जाहीर केली. आणि २०२३ सालीं संसदेनें राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा संमत केला. फंड, परिषदा, योजना व कायदे यांची ही यादी लांब आहे, व ती अभिमानास्पद नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु द्यु कूद्रे आज येऊन उभी राहिली तर ती कायद्याचीं कलमें विचारणार नाहीं. ती विचारील, ही मुलगी प्रसूतिगृहांत काम करीत असतांना तिच्याजवळ कोण उभें होतें? तिचा हात चुकला तेव्हां तिला कोणीं थांबविलें? आणि ती तयार झाली असें ज्यानें लिहून दिलें, त्यानें तें स्वतः पाहून लिहिलें कीं ऐकून लिहिलें?

या प्रश्नांचें गांभीर्य ज्यांस पटत नसेल त्यांनीं परीक्षकाची स्थिति मनांत आणावी. विद्यार्थिनी गरीब घरची असते. तिच्या शिक्षणासाठीं बापानें कर्ज काढलेलें असतें. ती नम्र असते, मेहनती असते, दोन वर्षें डोळ्यांसमोर वावरलेली असते. तिचा हात अजून कच्चा आहे हें शिक्षिकेस कळत असतें, पण तसें लिहिण्यास लेखणी धजत नाहीं. नोंदवहींत ठरलेल्या संख्येचीं बाळंतपणें भरलेलीं असलीं म्हणजे सही करून मोकळें व्हावें, असा मोह होतो. भीड ही भिकेची बहीण असें आपण म्हणतों. या ठिकाणीं तीच भीड मृत्यूची बहीण होते. कारण परीक्षकानें जें सांगण्याचें टाळलें तें एखाद्या आडगांवीं, मध्यरात्रीं, ज्या बाईचा परीक्षेशीं कांहींच संबंध नाहीं अशी बाळंतीण आपल्या जिवानें सांगते. विद्यार्थिनीवर दया करावयाची ती तिला आणखी तीन महिने शिकवून करावी. तिच्या हातून मरणाऱ्या माणसांच्या जिवावर करूं नये. आणि हेंही तितकेंच खरें कीं, केवळ लहर लागली म्हणून, किंवा मुलगी उलट बोलली म्हणून, तिला नापास करणारा परीक्षक हा भिडस्त परीक्षकाइतकाच अपराधी आहे. यासाठीं कोणती कृति कशी झाली म्हणजे पुरी मानावी हें आधीं ठरलेलें असावें, तें विद्यार्थिनीस आधीं ठाऊक असावें, एकाऐवजीं दोघांनीं पाहावें, आणि चुकलेलें त्याच दिवशीं तिला समजावून सांगावें. वर्षाच्या अखेरीस एकदम निकाल ऐकविणें ही शिक्षा होय, शिक्षण नव्हे.

त्याचप्रमाणें परीक्षा केवळ हाताचीच घेऊन भागणार नाहीं. सुईण हात धुते कीं नाहीं, कळा देणाऱ्या बाईशीं कशी बोलते, तिच्या अंगावर खेंकसते कीं तिला धीर देते, आपल्या आवांक्याबाहेरची स्थिति आहे हें ओळखून डॉक्टरास वेळींच बोलावते कीं मानापमानाच्या भरीं पडून उशीर करते, हें सर्व पाहिलें पाहिजे. या गोष्टी प्रश्नपत्रिकेंत उतरत नाहींत. त्या खाटेजवळ उभें राहून, पुष्कळ दिवस, निरनिराळ्या प्रसंगीं पाहाव्या लागतात. त्यासाठीं प्रत्यक्ष कामावर असलेल्या अनुभवी परिचारिकेस शिकविण्यापुरता वेळ मोकळा दिला पाहिजे. एकाच बाईनें प्रसूतिगृह सांभाळावें, कागद भरावेत, आणि उरल्या क्षणांत विद्यार्थिनीही पारखाव्यात, अशी अपेक्षा धरणें म्हणजे पारख होऊंच नये अशी व्यवस्था करणें होय.

सर्वांत शेवटीं एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. आमच्या समाजानें ज्या सुइणीच्या हातीं आपलें मूल प्रथम दिलें, तिचाच स्पर्श विटाळाचा मानला. जिनें नाळ कापली तिला ओसरीवर चढूं दिलें नाहीं. ज्या कामास आपण हलकें मानतों त्या कामाची परीक्षा आपण कसोशीनें घेत नाहीं, व जी परीक्षा कसोशीनें घेतली जात नाहीं तिच्यांत उतरणाऱ्यास मान मिळत नाहीं. हें चक्र कोठें तरी तोडलें पाहिजे. द्यु कूद्रे हिनें तें परीक्षेच्या टोंकाकडून तोडलें. तिनें सुइणींस मान द्या म्हणून याचना करीत न बसतां, त्यांचें काम इतकें कठीण व इतकें शिकण्यासारखें आहे हें राजास, प्रांताधिकाऱ्यांस व शस्त्रवैद्यांस दाखवून दिलें कीं, मान देणें त्यांस भाग पडलें. आमच्या प्रांतांतील प्रत्येक प्रसूतिगृहाच्या चालकांनीं व प्रत्येक शिक्षणसंस्थेनें आपल्या विद्यार्थिनीच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वीं एवढेंच स्वतःस विचारावें कीं, आपल्या घरची मुलगी अडली असतां या हातांत तिला आपण निःशंकपणें देऊं काय? उत्तर होय असेल तर खुशाल सही करावी. तें तसें नसेल, तर लेखणी खालीं ठेवून त्या मुलीस पुन्हां शिकवावें.